मागच्या गेटने या

मागच्या वर्षी आईला घेऊन दोन दिवस एका हॉटेलात राहिलो होतो. नाव नको सांगायला, पण हॉटेल चांगलं होतं, एकदम चकाचक. रूममध्ये शिरलो तर बेडवर टॉवेलचा हंस करून ठेवलेला आणि हंसाच्या पायाशी एक हिरवं कार्ड, त्यावर पानाचं चित्र आणि खाली लिहिलेलं की आपण टॉवेल पुन्हा वापरलात तर पृथ्वीचं पाणी वाचेल, धुवायला हवा असेल तर जमिनीवर टाका, नको असेल तर हुकाला अडकवा. आईने चष्मा काढून विचारलं काय लिहिलंय, मी मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे रोज टॉवेल बदलणार नाहीत, एवढंच ना? मग सरळ तसं लिहा की. पृथ्वीला कशाला मध्ये घेताय."

मी हसलो, पण ते वाक्य डोक्यात राहिलं, कारण मी स्वतः तेरा वर्षं याच लाईनमध्ये आहे. आधी हाऊसकीपिंग, मग लाँड्री, आणि आता हॉटेलांच्या लाँड्री मशीनची आणि भांडी धुवायच्या मशीनची मेन्टेनन्सची कामं घेतो, ठाण्यापासून वाशी, बेलापूर, तळोज्यापर्यंत. त्यामुळे हॉटेलात पुढच्या दाराने जायची वेळ माझ्यावर क्वचितच येते. आमची एन्ट्री मागच्या गेटने, जिथे सिक्युरिटीवाला रजिस्टरवर सही घेतो, भाजीचा टेम्पो आडवा लावलेला असतो आणि भिंतीला लागून ओल्या कचऱ्याची निळी पिंपं उभी असतात. पुढे लॉबीत लेमनग्रासचा वास, मागे पिंपांचा. हॉटेल किती हिरवं आहे हे मला विचाराल तर मी लॉबीत बघणार नाही, पिंपात बघेन. एवढंच या लेखात सांगायचंय, बाकी सगळं त्याचाच पसारा आहे.

आणि आईची शंका काही नवी नाही बरं का. हल्ली जो तो ‘ग्रीनवॉशिंग’ म्हणतो, म्हणजे पर्यावरणाचा नुसता रंग फासायचा, तो शब्दच मुळात हॉटेलच्या टॉवेलवरून आलाय. जेय वेस्टरवेल्ड नावाचा अमेरिकन पर्यावरणवादी ८० च्या दशकात फिजीला गेला होता, तिथल्या एका रिसॉर्टमध्ये त्याने असंच कार्ड वाचलं, समुद्र आणि प्रवाळ वाचवायला टॉवेल परत वापरा, आणि त्याच वेळी ते रिसॉर्ट आपलं बांधकाम वाढवत होतं. १९८६ मध्ये त्याने त्यावर लिहिताना हा शब्द वापरला. म्हणजे चाळीस वर्षं झाली, कार्ड तेच, हंस तोच.

आता मी कार्डाच्या विरोधात आहे असं समजू नका. आकडे माझ्या हाताखालचे आहेत. डबल रूमची चादर, उशांचे अभ्रे, दोन मोठे टॉवेल, दोन छोटे, बाथमॅट असं सगळं धरलं तर चार किलोच्या आसपास लिनन होतं, आणि जुन्या मशीनला किलोमागे वीसेक लिटर पाणी सहज लागतं. म्हणजे एका रूमचे ऐंशी लिटर. शंभर रूमचं हॉटेल फुल असेल तर रोजचे आठ हजार लिटर, जवळजवळ एक टँकर, फक्त चादरी-टॉवेलला. शिवाय पाणी गरम करायचा गॅस किंवा वीज, साबण, ड्रायर. तेव्हा टॉवेल दोन दिवस वापरल्याने फरक पडतो, खरंच पडतो. आणि कार्ड नीट लिहिलं तर लोक ऐकतातही. अमेरिकेत २००८ मध्ये यावर एक गाजलेला अभ्यास छापून आला, त्यात नुसतं ‘पर्यावरण वाचवा’ लिहिलेल्या रूममध्ये ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल परत वापरला, ‘बहुतेक पाहुणे परत वापरतात’ लिहिल्यावर ४४ टक्क्यांनी, आणि ‘याच रूममध्ये राहिलेले बहुतेक जण वापरतात’ असं लिहिल्यावर ४९ टक्क्यांनी. पृथ्वीपेक्षा शेजाऱ्याचा धाक जास्त, आपल्याकडे तर विचारायलाच नको.

माझा मुद्दा वेगळा आहे. टॉवेल न बदलून जी बचत होते ती जाते कुठे? पाहुण्याच्या बिलात दहा रुपये कमी होत नाहीत. हाऊसकीपिंगच्या मावशीला काही मिळत नाही, उलट अमेरिकेत एका मोठ्या चेनने रूम साफ नको म्हणणाऱ्या पाहुण्याला कुपन द्यायची स्कीम काढली तेव्हा तिथल्या युनियनने ओरड केली की आमचे कामाचे तास कापले जातायत. त्याग पाहुण्याने करायचा, झळ मावशीने सोसायची, बचत मालकाच्या खात्यात आणि पुण्य कार्डाच्या. यात खोटं काहीच नाही, फक्त हिशोब अर्धाच दाखवलाय. आणि ज्या हॉटेलात हे कार्ड आहे त्याच हॉटेलात फ्लशची टाकी रात्रभर गळत असते, कारण प्लंबर एकच आणि मजले नऊ.

अजून एक घोळ आहे तो शब्दाचा. आपण मराठीत हॉटेल म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यासमोर आधी मेदूवडा येतो, बेड नंतर येतो. राहायचं ते लॉज, नाहीतर फार तर रिसॉर्ट, आणि खायचं ते हॉटेल. पण ‘हॉटेल इंडस्ट्रीत पर्यावरण’ असा विषय निघाला की सगळी चर्चा फाईव्ह स्टारची, त्यांची सर्टिफिकेटं, त्यांची सोलर पॅनलं, बांबूचे टूथब्रश. चांगली कामं झालीयेत तिथे, नाही असं नाही. पार्ल्याचं ऑर्किड १९९७ ला सुरू झालं ते आशियातलं पहिलं इकोटेल, म्हणजे पर्यावरण जपणाऱ्या हॉटेलाचं, सर्टिफिकेट मिळालेलं फाईव्ह स्टार, आणि मालक कोण तर विठ्ठल कामत, म्हणजे आपला मराठी माणूस. केंद्राचं पर्यटन खातं हॉटेलांना स्टार देतं तेव्हाही एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, रेन वॉटर हार्वेस्टिंग, कचऱ्याची सोय असल्या गोष्टी बघतं. पण ठाणे स्टेशनपासून गोखले रोड, राम मारुती रोडवरून तलावपाळीपर्यंत चालत जा, नाहीतर वाशी सेक्टर १७ मध्ये संध्याकाळी एक चक्कर मारा, किती हॉटेलं लागतात मोजा आणि त्यातली किती फाईव्ह स्टार आहेत ते सांगा. पिंपं या सगळ्यांची भरतात.

आणि गंमत म्हणजे या छोट्या हॉटेलांत काही गोष्टी न सांगता हिरव्या असतात. स्टीलचा ग्लास, स्टीलची ताटली, टेबलावर जग. बसल्याबसल्या वेटर विचारतो "बिसलेरी की साधं?" आणि निम्मी जनता अजून साधंच म्हणते. फाईव्ह स्टारमध्ये मात्र मीटिंग रूममध्ये प्रत्येक खुर्चीसमोर एकेक छोटी बाटली, तीन घोट पिऊन सोडलेली, मीटिंग संपली की सगळ्या कचऱ्यात. पूर्वी आमच्याकडे पार्सल आणायला घरून डबा घेऊन जायचे, रस्सा आणायला किटली. पूर्वीच्या लोकांना पर्यावरण फार कळत होतं अशातला भाग नाही हं, प्लॅस्टिक महाग होतं आणि मिळत नव्हतं, एवढंच कारण. महाराष्ट्रात २०१८ ला प्लॅस्टिकबंदी आली, १ जुलै २०२२ पासून देशभर सिंगल यूज प्लॅस्टिकच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली, स्ट्रॉ कागदाचे झाले आणि कोल्ड कॉफीत विरघळायला लागले. पण काळा डबा आणि वर पारदर्शक झाकण, ते काही कुठे गेलं नाही, उलट डिलिव्हरीमुळे दसपट झालं. स्ट्रॉवर मी याहून जास्त शब्द खर्च करणार नाही, त्यावर आधीच खूप झालेत.

पाण्याकडे येऊ, कारण आपल्याकडे खरं दुखणं तिथे आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्याला टँकर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. एप्रिल-मेमध्ये सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुसरा विषय नसतो. त्याच रोडवरच्या बँक्वेट हॉलना आणि हॉटेलांनाही तेच टँकर लागतात, दहा हजार लिटरचा एक. आणि आपल्या नळाला येणाऱ्या पाण्यातलं बरंचसं शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणातून येतं. ज्या तालुक्यात धरण आहे तिथल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतो, बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात, दरवर्षी पेपरात फोटो येतो, दरवर्षी आपण चुकचुकतो आणि शॉवर घ्यायला जातो. ठाण्याच्या डोंगरावर येऊरला वीकेंडला पार्टीला जाणाऱ्यांनी पण बघावं, बंगल्यांच्या आणि हॉटेलांच्या पलीकडे आदिवासी पाडे आहेत, तिथली बाई पाणी कुठून आणते ते विचारावं.

नवी मुंबईचं तसं बरं आहे, महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, ठाण्यापेक्षा सुखी कारभार. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट तिथे आहे जी कोणाच्या लक्षात येत नाही. कोपरखैरणे आणि ऐरोलीला सांडपाण्यावर तिसऱ्या पातळीपर्यंत प्रक्रिया करायचे प्लांट आहेत आणि ते पाणी एमआयडीसीतल्या कारखान्यांना द्यायची योजना आहे. कारखाने ते वापरू शकतात तर हॉटेलं का नाही? फ्लशला, बागेला, कूलिंग टॉवरला मोरब्याचं पिण्याचं पाणी ओतायची काय गरज आहे? त्याला बिल्डिंगमध्ये दुसरी पाईपलाईन लागते, मान्य, जुन्या बिल्डिंगीत ते जिकिरीचं आहे, भिंती फोडाव्या लागतात, हे मी केलंय आणि परत करायला सांगितलंत तर दहादा विचार करीन. पण नवीन बिल्डिंगला? नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली, आता उलवे, पनवेल, बेलापूर पट्ट्यात हॉटेलं उभी राहणारच, जमिनीच्या जाहिराती तर कधीच लागल्यात. ही हॉटेलं अजून कागदावर आहेत तोवर दुहेरी पाईपलाईनची अट घाला. प्लास्टर झाल्यावर कोण ऐकणार? तेव्हा कार्डच छापायचं राहतं.

आता पिंपं.

एका ठिकाणी, परत नाव नको, लॉबीच्या कोपऱ्यात तीन छान डबे होते, ओला, सुका, आणि तिसरा मला वाटतं बाटल्यांचा, तिन्हींवर चित्रं. मी मागे मशीनचा पंप बदलत होतो, दुपारचे साडेतीन झाले असतील, जेवणाची गर्दी संपलेली. लॉबीतला पोऱ्या तिन्ही डब्यांच्या पिशव्या गाठी मारून एकाच ट्रॉलीत घेऊन आला आणि तिन्ही एकाच पिंपात. मी म्हटलं, अरे हे काय? तो म्हणाला, "गाडी एकच येते साहेब." आणि खरंच, थोड्या वेळाने गाडी आली, दोघांनी पिंप उचललं आणि उपडं केलं, आतून बाटल्या, चहाचे कप, वरण, टिश्यू सगळं एकत्र. पोऱ्याला बोलून काय उपयोग, तो बरोबर बोलत होता.

मार्च २०२६ पर्यंत कायद्यात काय होतं ते बघा. २०१६ च्या घनकचरा नियमांत हॉटेल आणि रेस्टॉरंटांसाठी वेगळं कलम टाकलं होतं, की वर्षभरात जागेवरच कचरा वेगळा करायला सुरुवात करायची, आणि ओल्या कचऱ्याचं शक्यतो आपल्याच आवारात खत नाहीतर बायोगॅस करायचा. दिवसाला शंभर किलोच्या वर कचरा करणारा म्हणजे बल्क जनरेटर, त्याच्यावर जबाबदारी आणखी जास्त. शंभर किलो म्हणजे किती तर बऱ्यापैकी चालणाऱ्या हॉटेलची तीन-चार पिंपं. ही काही मोठी मर्यादा नाही. पण त्यात तो ‘शक्यतो’ शब्द होता ना, त्या शब्दात अख्ख्या ठाणे जिल्ह्याचा ओला कचरा मावला.

आणि कचऱ्यात असतं काय ते बँक्वेटच्या मोरीत उभं राहून बघायला हवं. लग्नाच्या रात्री अकरा-साडेअकराला भांडी घासायच्या मोरीत प्लेटींच्या चळती येतात. एक पोरगा फक्त प्लेटा ठोकायला असतो, म्हणजे प्लेट पिंपाच्या काठावर आपटायची, उरलेलं आत, प्लेट पुढच्याकडे. मी एकदा मशीन बंद पडलं म्हणून रात्री गेलो होतो, अर्धा तास उभा होतो त्याच्या शेजारी. अख्खी नान, हात न लावलेली. पनीरचे तुकडे, वरची ग्रेव्ही चाटून आतलं सोडलेलं. गुलाबजाम अर्धा चावलेला, आईस्क्रीम विरघळून पुलावात गेलेलं. त्या पोराचा हात थांबत नव्हता, ठक, ठक, ठक, आणि कानात इअरफोन. नंतर तो तिथेच मागे बसून जेवला, ताटात वरण-भात, आणि ताट पुसून साफ. मी मुद्दाम बघितलं.

यात हॉटेलवाल्याला एकट्याला झोडून चालणार नाही. पाचशे माणसं सांगितली की केटरर पन्नास जास्त धरतो, आणि यजमान स्वतःच म्हणतो की कमी पडायला नको बरं का, कमी पडलं तर नाक कापलं जाईल. सोळा स्टार्टर, चार लाईव्ह काउंटर, चाट, पास्ता, आणि शेवटी कोपऱ्यात मसालेभात-मठ्ठा, जो सगळ्यात आधी संपतो. जगाचा आकडा सांगतो, संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घराघरांतून आणि २८ टक्के हॉटेल-केटरिंगकडून. म्हणजे हॉटेलपेक्षा आपण घरी जास्त टाकतो. पण घरी टाकताना आपल्याला लाज वाटते निदान, बुफेत ती पण वाटत नाही कारण पैसे प्लेटप्रमाणे भरलेत. मला विचाराल तर बुफेचा रेट प्लेटप्रमाणे लावणं हीच मूळ चूक आहे, पण ती लग्नाची बैठक मोडून कोण दुरुस्त करणार?

बरं, ओला कचरा ही काही असाध्य गोष्ट नाहीये. वाशीचा पूल ओलांडून मानखुर्दला उतरलं की पलीकडे ट्रॉम्बेला बीएआरसी म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, तिथल्या डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ नावाचा बायोगॅस प्लांट तयार केला. ओला कचरा बारीक करून दोन टप्प्यांत कुजवायचा, गॅस मिळतो, मागे खत उरतं. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे सगळा गावच हॉटेलांवर चालतो आणि गाडी वर जाऊ देत नाहीत, तिथे हा प्लांट उभा राहिला. तंत्र आपल्या उंबऱ्यात आहे म्हणायचं. अडचण एकच, त्या प्लांटला प्लॅस्टिक, चमचे, मोठी हाडं, नारळाच्या करवंट्या चालत नाहीत. म्हणजे परत तीच गोष्ट, वेगळं करा. पोऱ्याचं ते ‘गाडी एकच येते’ सुटल्याशिवाय शास्त्रज्ञ काही करू शकत नाही.

आमच्या ओळखीचे एक अण्णा आहेत, उडपी हॉटेल, तीस वर्षं झाली, त्यांच्याशी यावर वाद झाला माझा. ते म्हणाले, माझं किचन आहे दोनशे फुटांचं, आठ माणसं एकमेकांच्या अंगावर उभी, मी बायोगॅस कुठे लावू, डोशाच्या तव्यावर? मार्जिन काय उरतं तुला माहितीये, भाडं बघ, गॅसचा बाटला बघ. आणि ते बरोबर आहेत. ‘आपल्या आवारात’ हे कलम ज्याला आवार आहे त्याच्यासाठी लिहिलंय. अण्णांना आवार नाही, मागे एक गल्ली आहे आणि त्या गल्लीत त्यांच्यासारखी वीस हॉटेलं आहेत. मग वीस हॉटेलांचा मिळून एक प्लांट का नको? महापालिकेने जागा द्यायची, फक्त ओल्याची वेगळी गाडी सकाळी अकरा आणि रात्री बारा अशी दोनदा फिरवायची, हॉटेलांनी किलोप्रमाणे पैसे भरायचे, आणि मिक्स कचरा दिला तर दुप्पट. अण्णा म्हणाले, "गाडी टायमावर आली तर मी देतो पैसे." मला वाटतं बहुतेक जण देतील. आत्ता पण कुठे फुकट आहे, गाडीवाल्याच्या हातावर काहीतरी ठेवावंच लागतं.

अण्णांकडे दुसरा विषय निघाला तेलाचा. हे फारसं कोणाला माहीत नसतं. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याचा नियम आहे, तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल परत परत तापवून तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल फेकायचं, १ जुलै २०१८ पासून लागू. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी ‘रुको’ नावाची योजना काढली, वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायचं. दिवसाला पन्नास लिटरच्या वर तेल वापरणाऱ्याने त्याची नोंद ठेवायची. कागदावर झकास. पण जळकं तेल विकत घेणारे दोन प्रकारचे असतात, एक पावती देणारा आणि एक जास्त पैसे देणारा. जास्त पैसे देणाऱ्याचं तेल पुढे कुठे जातं हे मी सांगायला नको, संध्याकाळी रस्त्यावर काळसर तेलातून भजी निघताना दिसतात ते तेल काही गाडीवाल्याने नवीन आणून काळं केलेलं नसतं. म्हणून मी म्हणतो, हॉटेलवर फलक लावायचाच असेल तर तेलाच्या पावतीचा लावा.

आणि जे तेल विकलं जात नाही ते मोरीतून जातं. ग्रीस ट्रॅप नावाची एक पेटी असते, भांड्यांच्या पाण्यातलं तूप-तेल त्यात वर तरंगून अडकावं आणि खालचं पाणी पुढे जावं म्हणून. ती रोज नाहीतर दिवसाआड साफ करावी लागते. ती साफ करण्याइतकं घाण काम हॉटेलात दुसरं नाही, वर साबणासारखा घट्ट पिवळट थर, हाताने काढायचा, वास दोन दिवस नखांतून जात नाही. म्हणून ती साफ होत नाही. मग ती भरते आणि सगळं तेल गटारात, गटारातून नाल्यात, नाला खाडीत. आणि नवी मुंबईत कितीतरी लॉबींच्या भिंतीवर हल्ली काय असतं? फ्लेमिंगो! गुलाबी, फ्रेम करून, वर स्पॉटलाईट. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ ला झालं, २०२२ ला खाडीला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्याचा अभिमान सगळ्यांनाच आहे, मलाही आहे, पोरीला घेऊन दर हिवाळ्यात नेरुळला जातो बघायला. पण ज्या फ्लेमिंगोचा फोटो लावलाय त्याच्याच ताटात आपण मोरीचं पाणी सोडतोय, हे लॉबीत कोण लिहिणार. एखाद्या हॉटेलने ग्रीस ट्रॅप साफ करणाऱ्या पोराला महिन्याला हजार रुपये जास्त दिले तर ती माझ्या मते सोलर पॅनलपेक्षा मोठी ग्रीन गोष्ट आहे. सोलर पॅनलचा फोटो येतो, त्या पोराचा येत नाही.

वीज-एसीचं थोडक्यात. बीईई, म्हणजे वीजबचतीचं सरकारी खातं, सांगतं की एसी एक डिग्री वर ठेवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. पण पाहुणा रूममध्ये शिरला की आधी १८ करतो आणि मग जाड दुलई घेऊन झोपतो. यात मी पाहुण्यालाच दोष देईन. पैसे दिलेत म्हणून थंडी वसूल करायची ही आपली सवय आहे.

आता कोणी म्हणेल की ग्राहकानेच हिरवी हॉटेलं निवडावीत, मार्केट आपोआप सुधारेल. मला हे पटत नाही. ग्राहक निवडणार कशावरून? त्याला जे दिसतं त्यावरून, म्हणजे कार्ड, बांबूचा ब्रश, कागदाचा स्ट्रॉ. मग मालक पैसे कशावर घालणार, जे दिसतं त्यावरच ना? तो मूर्ख थोडाच आहे. ग्रीस ट्रॅपला कोणी पाच स्टार रेटिंग देत नाही. त्यामुळे ग्राहकाच्या जिवावर सोडलंत तर पुढचा भाग अजून हिरवा होईल आणि मागचा तसाच राहील. मागचं पुढे आणायला नियम लागतो. आज प्रत्येक हॉटेलात काउंटरमागे देवाच्या फोटोशेजारी एफएसएसएआयचं लायसन्स लावावं लागतं, तसेच तीन आकडे लावायला लावा. मागच्या महिन्यात टँकर किती आले, ओला कचरा किती किलो गेला आणि कुठे गेला, जळकं तेल किती लिटर कोणाला दिलं. बस, तीनच. त्याला ना कन्सल्टंट लागतो ना सर्टिफिकेट. टँकरचं चलन असतं, वजनकाटा प्रत्येक किचनमध्ये असतो, तेलाची पावती असतेच, नसेल तर का नाही हे लगेच कळेल. खोटे आकडे लिहितील? लिहितील काही जण. पण खोटं लिहायला सुद्धा खरा आकडा आधी मोजावा लागतो, आणि आज तो कोणी मोजतच नाही ही खरी गोम आहे.

हे मी हवेत बोलत नाहीये. वाशीतल्या एका मध्यम हॉटेलात, चाळीसेक रूम आणि खाली रेस्टॉरंट, तिथल्या शेफने मोरीच्या दाराशी एक फळा लावलाय. शाळेत असतो तसा, काळा, खडूचा. रात्री बंद करताना पिंपांचं वजन करून तीन ओळी लिहायच्या, किचनमधून किती, बुफेतून किती, प्लेटीतून किती. कोणाला ओरडायचं नाही, दंड नाही, फक्त लिहायचं. पहिल्यांदा मी बघितला तेव्हा पावसाळा होता, हसलो होतो. नंतर कळलं की बुफेचा आकडा रोज जास्त येतोय म्हणून त्यांनी भाताचं मोठं पातेलं काढून दोन छोटी लावली, संपलं की दुसरं आणायचं. साडेनऊनंतर नाश्त्याची इडली आधीच करून ठेवणं बंद केलं, मागितली की वाफवायची. प्लेटचा आकार पण एक इंच कमी केलाय म्हणे, कोणाच्या लक्षात आलं नाही.

गेल्या महिन्यात मशीनचा बेल्ट बदलायला गेलो तेव्हा फळ्यावर ‘प्लेट’ समोर काहीच लिहिलेलं नव्हतं, पुसलेलं होतं. मी भांडीवाल्या मावशींना विचारलं, काय आज शून्य का? त्या म्हणाल्या, "कसलं शून्य, काल पार्टी होती ना वर, तेवढं मोठं वजन शेफला लिहायला लाज वाटली." मग त्यांनीच पदराला हात पुसला, खडू घेतला आणि लिहिलं, ३८.